सत्तावीस छिद्रांचा बर्नर

प्रिय ईशान आणि तन्वी,

गेल्या महिन्यात आपल्या घराण्याची स्मरणिका छापून आली. शेलूबाजारच्या माझ्या चुलतभावानं ती सगळ्यांना फोनवर पाठवली, तेव्हा टोरांटो आणि मेलबर्नलाही पोहोचली असेलच. तिच्या एका पानावर माझ्या मोठ्याईचा फोटो आहे. खाली लिहिलंय की या तपस्विनीनं एक अख्खा हिवाळा एकाशन केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवली. समोरच्या पानावर माझे आजोबा, आबाजी. त्यांनी म्हणे गोबरगॅसचा जास्त आचेचा बर्नर स्वतःच्या कल्पनेतून घडवला. मी ती दोन पानं वाचली, चष्मा काढून ठेवला आणि हातातला चहा मोरीत ओतून दिला. किळस हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण त्या दिवशी मला दुसरा शब्द सुचला नाही. दोन्ही पानं खोटी आहेत, आणि एकाचा खोटेपणा दुसऱ्याला टेकून उभा आहे. त्या हिवाळ्याची साक्षीदार आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं हे मला कळतं, पण यातली माणसं इंग्रजीत बोललीच नाहीत. अडेल तिथं तुमच्या आईला, माझ्या लेकीला, विचारा.

आमचं घर शेलूबाजारला हमरस्त्यावर होतं. पुढे धान्याचं दुकान, मध्ये पोत्यांची खोली, मागे राहतं घर आणि त्यामागे दोन म्हशी, चार बैल. दिवसभर रस्त्यावर जीपवाल्यांची हाकाटी चाले. "मंगरूळ, मंगरूळ! मानोरा एक शीट, एकच शीट!" आणि त्या एका शीटावर तीन माणसं कोंबली जात. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं मोठ्याईनं. मोठ्याई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. ते मोठे काका माझ्या जन्माआधीच वारले होते. घरात पुरुष चार: आबाजी, माझे बाबा, तेव्हा लग्न न झालेले अण्णाकाका आणि आमच्याकडेच जेवायला असलेले दुकानातले दिवाणजी. बायका दोन: मोठ्याई आणि मी. त्यातही मी दहाव्या वर्षापासून अकोल्याला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे तिथंच कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं, त्यामुळे मला धरू नका. घरात बाई एकच होती.

मी सांगते त्या वर्षी मी कॉलेजात होते, मला कावीळ झाली आणि दिवाळीच्या आधीच मला घरी पाठवलं. पूर्ण हिवाळा मी शेलूबाजारला काढला. कावीळ झालेल्या माणसाला सगळ्याचाच वास येतो. तुपाचा येतो, पोत्यांचा येतो, स्वतःच्या पांघरुणाचाही येतो. आणि त्या वर्षी आमच्या मागच्या अंगणात गावातला पहिला गोबरगॅस बसला होता.

त्यामागचा आबाजींचा विचार असा. आम्ही जैन. चुलीत घालायचं लाकूड झटकून, निरखून घ्यायचं, कारण सालीखाली किडे असतात. गोवरीतही असतात. मोठ्याई रोज सकाळी अर्धा तास एकेक लाकूड आपटून उन्हात बघत बसे. आबाजींना कोणीतरी सांगितलं की शेणाच्या गॅसवर एकही जीव जळत नाही. त्यांना ते इतकं पटलं की गॅस सुरू झाला त्या दिवशी त्यांनी तीन तोंडांची जुनी चूल पहारीनं फोडून घेतली. बघायला गावातली माणसं बोलावली, गूळ-खोबरं वाटलं. रॉकेलचा स्टोव्ह त्यांना घरात चालत नसे. म्हणजे तीन तोंडांच्या जागी एक शेगडी राहिली, तीही नव्या गॅसची.

अहिंसेचं ते यंत्र कसं होतं ते नीट सांगते, कारण स्मरणिकेत त्याचा फोटो झेंडूची माळ घालून छापलाय. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, त्यावर उलटी घातलेली लोखंडी टाकी आणि बाजूला शेण कालवायचा हौद. रोज सकाळी त्या हौदात घमेली भरभरून शेण टाकायचं, तितकंच पाणी ओतायचं आणि हातानं गुठळ्या फोडायच्या. काठीनं गुठळ्या फुटत नाहीत. मोठ्याई कोपरापर्यंत हात घालून कालवत असे. हौदाच्या कडेला पांढऱ्या अळ्यांचा थर वळवळत असायचा. लाकडातल्या किड्यांची दया आलेल्या माणसांपैकी या अळ्यांचं काय म्हणून एकानंही विचारलं नाही. पलीकडून निघणारी मळी हिरवट काळी, वर बुडबुडे, आणि तिचा वास आंबलेला. शेणाचा वास त्यापुढं बरा म्हणायचा. कालवून झालं की मोठ्याईला पुन्हा थंड पाण्यानं अंघोळ करावी लागे, कारण शेणाच्या हातानं स्वयंपाक पुरुषांना चालत नसे. ती राखेनं, मग लिंबाच्या सालीनं हात घासायची आणि माझ्या नाकाजवळ धरून विचारायची, "येते का वं वास अजून?" येत असे. मी नाही म्हणायची.

आमच्याकडे सूर्य मावळल्यावर कोणी अन्न खात नसे. मोठ्याई तर दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत नसे, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन नीट वर आल्यावर. आमचं घड्याळ म्हणजे रस्त्यापलीकडच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर. सूर्य त्या पत्र्याला टेकला की ताटावरून उठायचं. हिवाळ्यात दिवस लहान. पुरुष पाचच्या सुमाराला दुकानातून येत, आणि त्यांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागे. आधी करून ठेवलेली भाकरी अण्णाकाका बोटानं दाबून बघत आणि बाजूला सारत. "मोठी वहिनी, हे चामडं झालं," म्हणत. त्यात आबाजींचा हुकूम होता की शेणाच्या जाळावर भाकरी थेट टाकायची नाही, सगळी तव्यावरच शेकायची.

मी आजारी म्हणून माझं ताट पुरुषांबरोबर वाढलं जाई. मऊ भात, मुगाचं वरण, वर साखर. मी खायची, ताट सरकवायची आणि आत जाऊन पडायची. बाहेर ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी भुरकल्याचा आवाज येई, आबाजींचे लांब ढेकर येत, मग चुळा भरल्याचा आवाज, मग दिवाणजींचं दात कोरणं. रोज तोच क्रम. मला त्या आवाजांची शिसारी यायची, पण ती कावीळ आहे असं मी समजत होते. तीन आठवडे मी हे ऐकत पडून होते आणि स्वयंपाकघरातून जेवणाचा आवाज का येत नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. इंग्रजी शाळेत पहिली येणारी मुलगी! ढेकरांची शिसारी मी आज लिहिते आहे, पण त्या तीन आठवड्यांची शिसारी माझी मलाच आहे, आणि ती गेलेली नाही.

एका संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून लवकर उठून स्वयंपाकघरात गेले. मोठ्याई परातीतलं उरलेलं पीठ डब्यात भरत होती. तवा थंड होता.

"तू जेवली?" मी विचारलं.

"दिवस गेला," ती म्हणाली.

"काल?"

"काल बी गेला."

"आणि परवा?"

"परवा दोन घास भात होता. तू कायले वकिलीणबाई होऊन राह्यली? जा, पड."

"काहून नाई जेवली पण?"

"अवं, जाळ पाय ना कसा आहे त्याचा! हातभर पसरते आन् तव्याले काईच लागत नाई. एका भाकरीले इतका वेळ, की चौघाइचं होईस्तोवर पत्रा लाल होते. थंडीनं गॅस बी कमी येते."

"मंग एक भाकर आधी काढून ठेवाची तुह्या नावाची."

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "पुरुषाइच्या आधी? कावीळ डोक्यात चढली का तुह्या?"

ती हसली. तिचा ओठ कोरडा पडून फुटला होता. सकाळी दहानंतर तिनं काही खाल्लं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशीच्या दहापर्यंत खाणार नव्हती, आणि मधल्या वेळात तिला पहाटेच्या गारठ्यात कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायचं होतं. मी न्हाणीत जाऊन ओकले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हाताला लिंबाचा वास होता.

पुरुषांना बदलणं माझ्या आवाक्यात नव्हतं. जाळ बदलता आला असता. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन शेगडीसमोर बसले. बर्नर बिडाचा होता, जेवणाच्या ताटाएवढा पसरट, आणि छिद्रं त्याच्या कडेला बाहेरच्या बाजूला तोंड करून. ज्योती निळ्या, मोठ्या आणि आळशी. त्या तव्याखालून बाहेर निघून तव्याच्या कानापर्यंत चढायच्या. स्वयंपाकघर तापायचं, भाकरी तापायची नाही. उष्णता होती, ती एका जागी नव्हती. मला वाटलं, यात काय अवघड आहे? बाहेरची छिद्रं बुजवायची आणि मधोमध थोडी ठेवायची. मी ओली माती लावून तसं केलं. काडी लावल्यावर ज्योत बर्नरवरून उडी मारून वर गेली, क्षणभर हवेत लटकली आणि फुस्स करून विझली. स्वयंपाकघर त्या घाण गॅसनं भरलं. मोठ्याई पदर नाकाला लावून म्हणाली, "शिकली लय, आता जीव घे."

त्याचं कारण मला कॉलेजच्या वहीत सापडलं. या गॅसमध्ये न जळणारा वायू बराच असतो, त्यामुळे तो हळू जळतो. थोड्या छिद्रांतून जोरात सोडला तर ज्योतीला त्याच्या वेगानं मागे येता येत नाही, ती उडून जाते. म्हणजे गॅस हळूच सोडायला हवा, पुरेशा छिद्रांतून, आणि तरी आच एकत्र यायला हवी. मग मी एका डब्याच्या पत्र्याची चकती करून मधोमध दाट छिद्रं पाडली. ज्योत टिकली. भाकरीला मध्ये रुपयाएवढा काळा डाग पडला आणि कडा कच्च्या राहिल्या. ती भाकरी मीच खाल्ली.

तोवर मोठ्याईलाही रस वाटायला लागला होता. तिसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला सारलं. "तुह्या वहीत नाई दिसत ते तव्यावर दिसते," म्हणाली आणि कोरड्या तव्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ सगळीकडे सारखं भुरभुरलं. तवा चढवला. थोड्या वेळानं पिठावर रंग उमटायला लागला. जिथं आच लागत होती तिथं तांबूस, जास्त होती तिथं काळं, नव्हती तिथं पांढरंच. उष्णतेचा नकाशाच होता तो. सासरी आल्यावर नव्या तव्याची पारख ती अशीच करायला शिकली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला इतकं साधं आणि इतकं अचूक साधन कोणी दाखवलं नव्हतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक बदलानंतर पीठ टाकून बघत असू, आणि मी तो नकाशा वहीत पेन्सिलीनं उतरवून ठेवत असे.

नकाशे बघून मला कळलं की छिद्रं मध्ये गोळा करायची नाहीत. पसरूनच ठेवायची, पण आत कलती. बर्नरला खोलगट बशीसारखी टोपी करायची आणि बशीच्या उतरणीवर छिद्रं पाडायची, म्हणजे लहान लहान ज्योती एकमेकींकडे झुकतील आणि तव्याच्या पोटाखाली भेटतील. एक ओळ बाहेर अठरा छिद्रांची, एक आत नऊची. तवा बोटभर खाली आणायचा. भोवती लोखंडी कडं उभं करायचं, म्हणजे ऊब बाजूनं पळणार नाही, आणि धूर जायला त्याला वर फट ठेवायची. हे सगळं मी कागदावर मापासकट काढलं आणि डोक्यावर शाल घेऊन, पिवळ्या डोळ्यांनी, रस्त्यापलीकडे रहीमचाचांकडे गेले. ते ऑइल इंजिनं दुरुस्त करत. त्यांच्याकडे लेथ होती आणि ड्रिलचं यंत्र होतं.

त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "बेटा, हे काय आहे? चाळणी?"

"बर्नर आहे, चाचा."

"इतके बारीक छेद? माह्यं ड्रिल इंजिनाचं आहे, नथनीचं नाई." मग कोणासाठी म्हणून त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, सगळं. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "रोजे आमी बी ठेवतो," ते म्हणाले. "पण रोजा सोडाच्या वक्ताले घरातली बाई समोर नसली तर खजूर तोंडात नाई घालत. तुह्या घरी मोठे मोठे लोक आहेत ना बेटा?"

त्यांनी एका मोडक्या पंपातला पितळेचा जाड तुकडा काढला, लेथवर त्याची बशी कातली आणि ड्रिलखाली लाकडाची पाचर ठेवून छिद्रं तिरकी पाडली. दोन छिद्रं पाडताना पाचर सरकली आणि ती वाकडी गेली. मी टोपी तशीच घेतली.

ती बसवून पीठ टाकलं तेव्हा तव्याच्या पूर्ण पोटावर एकसारखा तांबूस रंग आला. मोठ्याईनं भाकरी थापली, टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि ती तव्यावरच टम्म फुगली. निम्म्याहून कमी वेळात. तिनं तोंडावर हात ठेवला. "बाप्पा! पाय बरं कशी झाली," म्हणाली, आणि शाबासकी द्यावी तशी भाकरीला बोटानं टिचकी मारली. त्या संध्याकाळी चौघे जेवून उठले तेव्हा सूर्य पत्र्याच्या हातभर वर होता. मोठ्याई जेवायला बसली. दोन भाकरी, सोल्यांची भाजी, वर तिखटाची चटणी. ती घाई न करता जेवली. मी समोर बसून बघत होते. आजतागायत मी इतकं सुंदर काही बघितलेलं नाही, आणि मी ताजमहाल बघितलाय.

हे सुख नऊ दिवस टिकलं. भाकऱ्या झटपट होतात हे पुरुषांच्या लक्षात आलं. आधी आबाजींनी बाजारात सांगितलं की आमच्या घरचा जाळ पाहा, आम्ही बनवला. मग माणसं बघायला यायला लागली. येतील त्यांना गरम भाकरी खाऊन दाखवायला बसवलं जाई. मग अण्णाकाका म्हणाले, आता पाचला दुकान सोडायची काय गरज आहे? साडेपाचला आलं तरी पुरतं. आणि ते साडेपाचला यायला लागले. आम्ही वाचवलेला वेळ, पिठाच्या एकेका चिमटीनं मोजून वाचवलेला तो अर्धा तास, त्यांनी गिळून टाकला आणि वर ढेकर दिला. मोठ्याई पुन्हा उपाशी. बाबांना दिसत होतं. माझे बाबा सज्जन होते, असं सगळे म्हणत. ते ताटाकडे बघून जेवायचे.

मी एकदा आबाजींना सांगायला गेले. ते गादीवर टेकून बसले होते, मिशीवर तुपाचा थेंब होता. म्हणाले, "पोरी, तिले सवय झाली. एकाशन घडून राह्यलं तिच्या हातून. पुण्य आहे ते. असं नशिबात लागते." ते मला फसवत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली. एकाशनाला नेम घ्यावा लागतो, देवापुढं, स्वतःच्या तोंडानं. दुसऱ्याच्या उशिरामुळे राहिलेल्या उपाशीपणाला तो शब्द लावून त्यांनी आपलं जेवण पवित्र करून घेतलं होतं.

तो शब्द गावात गेला. पुढच्याच रविवारी समाजाची तीन वडीलधारी माणसं कारंज्याहून आली. शाल आणि नारळ घेऊन आली. आमच्या सुनेचा सत्कार! ओसरीत पंगत मांडली होती. पाहुणे, आबाजी, बाबा, अण्णाकाका, दिवाणजी. सूर्य पत्र्याच्या चार बोटं वर होता. जेवणाआधी सत्कार करू म्हणून आबाजींनी मोठ्याईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी दारात आली. मी तिच्यामागे होते. आबाजी बोलायला लागले. घरातली शिस्त, संस्कार, हिवाळा लागल्यापासून एकाशन, मुखातून तक्रार नाही. पाहुण्यांपैकी सर्वांत वृद्ध गृहस्थ शाल उलगडून उभे राहिले.

मोठ्याई मागे सरली. "मामंजी, थांबा," ती म्हणाली. सासऱ्यासमोर ती कधी इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. "मी नेम घेतला नाई."

"सूनबाई, आत जा," आबाजी म्हणाले.

"जाईन. पण शाल घेतली तर ते खोटं माह्या माथी लागन. नेम न घेता घेतला म्हटलं तर कोणत्या जन्मी फेडू? मी एकाशन नाई केलं. मी उपाशी राह्यली. तुमचं होईस्तोवर दिवस जाये. मले रोज भूक लागे."

रस्त्यावर जीपवाला ओरडत होता, मानोरा एक शीट. ते वृद्ध गृहस्थ शाल हातात धरून उभे होते. त्यांनी आबाजींकडे बघितलं, मग गोदामाच्या पत्र्याकडे, मग शालीची घडी घातली आणि काखेत धरली.

"मंग बोलत काय बसलात?" ते म्हणाले. "त्या बाईले वाढा आधी. दिवस चालला."

मी आबाजींसमोर मांडलेलं ताट उचललं. मुद्दाम तेच उचललं. मोठ्याईला पाहुण्यांच्या रांगेत पाटावर बसवलं आणि आत जाऊन तवा चढवला. माझ्या भाकऱ्या वेड्यावाकड्या होत, पण जाळ चांगला होता. पहिल्या दोन तिला, मग तिन्ही पाहुण्यांना. सहावी तव्यावर असताना बाहेर बघितलं, तर पत्रा लाल झाला होता आणि सूर्य त्याला टेकला होता. मी गॅस बंद केला.

त्या संध्याकाळी आबाजी, बाबा, अण्णाकाका आणि दिवाणजी उपाशी झोपले. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. आली नव्हती. मी पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होते. ढेकर नव्हता, दात कोरणं नव्हतं. फक्त म्हशींच्या साखळ्या वाजत होत्या. मोठ्याई माझ्याशेजारी झोपली होती, रडत होती. "मामंजीले उपाशी ठेवलं वं आपण," म्हणत होती. तिची समजूत मी घातली नाही. एका रात्रीच्या भुकेनं कोणी मरत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी साडेचारला चौघेही घरी आले. त्यानंतर उरलेला हिवाळा साडेचारलाच आले. कोणी माफी मागितली नाही, तो विषय कोणी काढला नाही. मी अकोल्याला परत जाईपर्यंत आबाजी माझ्याशी बोलले नाहीत. मोठ्याईनं मात्र एक गोष्ट बदलली, न बोलता. पहिली भाकरी ती दुरडीत स्वतःसाठी काढून त्यावर वाटी उपडी घालायची, आणि ती वाटी सगळ्यांना दिसेल अशी ओट्याच्या कडेला ठेवायची. पुढे तिच्यानं काम होईना, तेव्हा घरात आलेल्या सुनांनाही तिनं तेच करायला लावलं. हे स्मरणिकेत नाही.

स्मरणिका पाठवणाऱ्या त्या चुलतभावाला, अण्णाकाकांच्या मुलाला, मी फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, जुनी गोष्ट आहे, लोकांना असंच आवडते." शेण कालवायचा हौद त्यानं नुकताच बुजवून त्यावर गाडी ठेवायला फरशी केली आहे. मोठ्याईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, रहीमचाचांना त्याहून जास्त. माझी वही एका पावसात भिजून गेली. चूल आबाजींनी फोडलीच होती.

पितळेची टोपी माझ्याकडे आहे. ती माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेली असते. तिला सत्तावीस छिद्रं आहेत, दोन वाकडी. आणि माझ्या घरी अजून पहिली भाकरी करणाऱ्याच्या नावानं वाटीखाली ठेवली जाते.